चर्चच्या आवारातली थडगी

दौंडकडच्या आमच्या जुन्या चर्चची किल्ली तिथल्या राखणदाराच्या कमरेला असते. बोलताना तो ती सारखी चाचपतो. त्याच्या बोलण्यावर माझा कधीच विश्वास बसला नाही. गावातले मास्तर आले की म्हणतो, "पयली शाळा हितंच भरायची." शेतकरी आले की, "दुष्काळात तुमच्या पणज्यानं हितंच कण्या खाल्ल्या." मला मात्र, "पयल्यापासून प्रार्थनाच व्हती, दादा." माणूस बघून हा इतिहास बदलतो.

आवाराच्या जागेवर कुणाचा तरी डोळा आहे असं कानावर आलं होतं. गेल्या महिन्यात मोजणी लागली म्हणून मी गेलो. लहानपणी आम्ही जिथं क्रिकेट खेळायचो, तिथं थडग्यांचे पाच जुनाट दगड उभे होते. बुडाशी माती मात्र ओली.

"जुनं कबरस्तान हाय सायेब," तो मोजणीवाल्याला सांगत होता. "मढ्यांवर न्हाई बांधता येत."

शेवटच्या दगडावर माझ्या आजोबांचं नाव होतं. आजोबांना आम्ही शिरूरला पुरलंय.

मोजणीवाल्यानं मला विचारलं, "तुमचं कुणी आहे का इथं?"

किल्ली चाचपत तो माझ्याकडे बघत राहिला.

मी चपला काढल्या.