माऊस ठीक आहे

बंदुकीचा एक गेम सोडून दुसऱ्यावर गेलं की पहिले काही दिवस माणूस खुळ्यासारखा खेळतो. शत्रू दारात उभा असतो आणि आपली नजर त्याला ओलांडून भिंतीवर गेलेली असते. हात जुन्या गेमचा आणि वेग नव्या गेमचा, म्हणून. प्रत्येक गेममध्ये माऊसच्या सेन्सिटिव्हिटीचा आकडा वेगळा, त्यामुळे नुसता आकडा उतरवून काही होत नाही. माऊस टेबलावर किती सरकवला की गेममधला आपला माणूस स्वतःभोवती पूर्ण एक गिरकी घेतो, ते मोजायचं. मग नव्या गेममध्ये तेवढ्याच अंतरात तेवढीच गिरकी बसवायची.

हे असं मोजायचं मला माझ्या बाबांनी शिकवलं. ते ड्राफ्ट्समन. ठाण्यातल्या नोकरीतून रिटायर झाल्यावर डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्याची ड्रॉइंग ते घरी करून द्यायचे. घरात कॉम्प्युटर एकच. सकाळी नऊ ते एक त्यांचा, संध्याकाळी माझा. मी तेव्हा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होतो आणि अंदाजाने आकडे खालीवर करत बसलेलो. ते मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "अंदाजाने काय करतोस रे? माप घे." कपाटातून स्वतःची स्टीलची पट्टी काढली, जिला आईलासुद्धा हात लावू देत नसत, आणि माऊसपॅडवर पेन्सिलने दोन रेघा मारून दिल्या. मधलं अंतर बरोबर तीस सेंटिमीटर. तीसमध्ये एक गिरकी. रेघा अशा की छापल्यासारख्या.

पुढे आमचा अख्खा ग्रुप नव्या गेमवर गेला. त्यात पट्टी लावून बघतो तर सेन्सिटिव्हिटी शेवटच्या टोकाला नेली तरी एका गिरकीला टेबल पुरेना. मग मी माऊसचाच वेग वाढवला. चाकाखाली एक बारीक बटण असतं, ते दाबलं की माऊस दुप्पट पळतो, परत दाबलं की चौपट. चौपट केला, गेममधला आकडा थोडा खाली आणला, आणि रेघेपासून रेघेपर्यंत गिरकी चोख बसली. मी खूश. बाकी सगळं मोबाईलवरच करायचो, त्यामुळे गेमच्या बाहेर पडद्यावरचा बाण आता चौपट पळतो, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

चारपाच दिवसांनी बाबांनी विचारलं, "माऊस बिघडलाय का रे? रेघ कोपऱ्यावर थांबतच नाही, पुढे निघून जाते." मी मॅचमध्ये होतो, कानाला हेडफोन. एक कान उघडा करून म्हटलं, "माऊस ठीक आहे. तुमचाच हात हलतोय."

एवढंच बोललो. आणि मॅच हरलो म्हणून त्यांच्यावरच चिडलो.

माझ्या काकांना कंपवात होता. शेवटी त्यांना आमटीचा चमचासुद्धा धरता येत नसे, बाबाच भरवायचे. हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. पण त्या क्षणी मला दिसत होता फक्त स्कोअर.

बाबा चहा अर्धा कप घ्यायला लागले. मग पेपरच्या कडेला सह्या करायला लागले, रोज सकाळी, एकाखाली एक, दहाबारा. रद्दीत मी त्या बघितल्यात. सगळ्या सारख्या होत्या, पण ते भिंगातून तपासत बसायचे. गल्लीतल्या डॉक्टरांनी हात पुढे करायला लावला, बोटं नाकाला लावायला लावली आणि म्हणाले, मला तरी काही दिसत नाही, वाटल्यास ठाण्याला मोठ्या डॉक्टरांना दाखवा. बाबांनी त्यातलं "मोठे डॉक्टर" एवढंच ऐकलं. आईने टेंभी नाक्याच्या देवीला नवस बोलला: हात बरा होऊ दे, नवरात्रात अनवाणी येऊन ओटी भरीन.

मग एका गुरुवारी मला परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. गेम न उघडता मी पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर बसलो. माऊसला नुसता हात लावला आणि बाण पडद्याच्या या टोकावरून त्या टोकाला. छोट्या चौकोनात टिकमार्क करायला मला तीन प्रयत्न लागले. मला, बावीस वर्षांच्या घोड्याला. माझी नजर चाकाखालच्या बटणावर गेली. बाबा पाच फुटांवर शेंगा सोलत बसलेले.

तेव्हाच सांगायचं ना! नाही सांगितलं. गपचूप बटण दाबून वेग जागेवर आणला. म्हटलं, उद्या सकाळी बसतील, हात सरळ चालेल, आपोआप मिटेल, कशाला उगाच तमाशा. खरं सांगायचं तर मला लाज वाटली आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. "तुमचाच हात हलतोय" हे ज्या तोंडाने म्हटलं त्याच तोंडाने "माझी चूक" म्हणायचं होतं.

पण ते दुसऱ्या दिवशी बसलेच नाहीत. बसणं त्यांनी सोडलंच होतं. शनिवारी इस्त्रीचा शर्ट घातला, हातातली सगळी ड्रॉइंग पिशवीत भरली आणि परत करायला निघाले. आईला म्हणाले, "चुकीचं माप गेलं तर लोकांचं मशीन बिघडेल. त्यापेक्षा आपणच थांबलेलं बरं." मी दात घासत होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी चूळ भरली आणि म्हटलं, "बाबा, छत्री घेऊन जा."

एवढा भिकारडा मुलगा मी दुसरा बघितलेला नाही.

आई मागे लागली म्हणून पंधरा दिवसांनी ते परत माऊस धरायला लागले, नुसता सराव म्हणून, सोसायटीच्या पार्किंगचा नकाशा काढत. मी संध्याकाळी वेग चौपट करायचो आणि उठताना न चुकता खाली आणायचो. एकदा विसरलो. दुसऱ्या दिवशी दुपारी बाबा आईला हळूच म्हणाले, "आज परत जरा हलला." त्यानंतर मी तो गेम काढूनच टाकला. कारण विचारलं तेव्हा अभ्यास म्हणून सांगितलं, तर माझं कौतुक झालं.

हात बरा झाला. कारखान्याने तोवर काम दुसऱ्या कोणाला दिलेलं. बाबा एकदा जाऊन विचारून आले, चहा पिऊन परत आले.

नवरात्रात नवस फेडायला आम्ही माजिवड्याला आत्याकडे उतरलो आणि तिथून टेंभी नाक्यापर्यंत चालत गेलो, आई-बाबा अनवाणी. आई पुढे, हातात ओटीचं ताट. रस्ता तापलेला. तिची टाच कापली तरी ती थांबली नाही. दोघांच्या चपला पिशवीत घालून मी मागून चालत होतो, माझ्या पायात बूट. रांगेत आत्याने बाबांना विचारलं, दुखणं लक्षात कसं आलं? तर बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "यानेच पहिल्यांदा ओळखलं. आम्हाला कोणालाच कळलं नव्हतं." आत्याने माझ्या तोंडावरून हात फिरवला.

घरी आल्यावर बाबांनी माऊसपॅड समोर ओढलं. पेन्सिलच्या रेघा पुसट झालेल्या. "खेळत नाहीस, पण असू देत," म्हणाले आणि पट्टी लावून दोन्ही रेघा परत ओढून दिल्या, पहिल्यासारख्याच सरळ. मग हात माझ्यासमोर धरला, बोटं ताठ करून.

"बघ. हलतो का?"

"नाही."

"आधी हलायचा ना रे?"

ते माझ्याकडे बघत होते. आई पायाला हळद लावत बसलेली.

"हो," मी म्हटलं. "थोडासा."