दुसऱ्याच दिवशी बुजवलेला खड्डा

ती घटना आजही आठवते, आणि आधी हसूच येतं. अंधेरीच्या एका पोलीस ठाण्यात मी तेव्हा निरीक्षक होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा घेत होतो, तेवढ्यात नाक्यावर मासळी विकणाऱ्या कोळीण मावशी आत आल्या. तक्रार काय, तर त्यांच्या जागेशेजारी रस्ता खणला आणि दुसऱ्याच दिवशी बुजवला.

"बुजवला ना? मग?" मी विचारलं.

"पानी मारून ठोकला पन. साहेब, ही मानसं खात्याची नाय."

सगळं ठाणं हसलं, मीही हसलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आपल्याकडे खणलेला रस्ता दुसऱ्या दिवशी बुजलेला कुणी पाहिलाय? काम चालू असताना आमच्या बीटवरच्या शिपायाने परवानगीचा कागद पाहून नंबर टिपून घेतला होता. हवालदाराला वॉर्ड ऑफिसात पाठवलं. नंबर खरा निघाला, पण तो मुलुंडच्या एका रस्त्याचा. आम्हाला दाखवलेली होती फेरफार केलेली झेरॉक्स. जागा पुन्हा उकरून पाहिली, तर जमिनीखालची जुनी तांब्याची केबल गायब होती. भरदिवसा, जाकीटं घालून, 'गैरसोयीबद्दल क्षमस्व'चा बोर्ड लावून चोरी झाली होती.

खणकामाच्या मुकादमाला मावशी ओळखत होत्या, तो त्यांच्याकडून बांगडे न्यायचा. त्याला आणला. कोकणातला, पन्नाशीचा, घरात एकटा कमावता. तासभर त्याचं एकच पालुपद, "कागदार शिक्को होतो, साहेब. माका काय ठावक?" हे तर सगळेच म्हणतात. वरिष्ठांचा फोन आला, त्यालाही आरोपी करा आणि मोकळे व्हा. एकदा अटक झाली की त्याला कुठल्याच ठेकेदाराने दारात उभं केलं नसतं.

शेवटी मी विचारलं, तुला कामावर लावणारा शेठ केबल काढून निघून गेला, मग तू खड्डा का बुजवलास?

"शेठान सांगल्यान, रवांदे तसोच. पण मावशी थयच बसता. पडली असती तर?"

चोर माल उचलला की पळतो. हा एक दिवसाची मजुरी बुडवून माती ठोकत बसला होता. माझी खात्री पटली. त्याने सांगितलेल्या टेम्पोच्या नंबरावरून घाटकोपरच्या एका गोदामात मुद्देमालासकट शेठ सापडला. वरिष्ठांची नाराजी पत्करून मी मुकादमाला साक्षीदार केलं.

मावशी जबाब द्यायला आल्या तेव्हा त्यांना हे सगळं कळलं. 

"माज्यासाठी बुजवला," त्या म्हणाल्या, "नि मीच त्याला आत घातला."

तो घरी जाणार आहे, असं सांगूनही त्या हलेनात. त्याचा जबाब पूर्ण होईपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या. धंद्याची वेळ टळून गेली होती.

निवृत्तीनंतर मोठमोठे गुन्हे विसरायला झालेत, तो बाक मात्र आठवतो आणि जीव हळवा होतो. एका माणसाने आपलं काम नीट केलं, म्हणून पोलिसांत तक्रार आली. वाईट याचंच वाटतं, की तक्रार बरोबर होती.