पंधराव्या दिवसाचा फोन

अकोल्यातल्या एका मोठ्या रुग्णालयात मी तीन वर्षं फोन करण्याचं काम केलं. माझा हुद्दा संशोधन सहायक असा होता, पण घरी अमरावतीला आई विचारणाऱ्यांना सांगायची, "डॉक्टरांकडे फोनवर आहे." त्यात चूक काही नव्हती. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसांना घरी गेल्यावर दर महिन्याला फोन केला, तर ते गोळ्या नेमाने घेतात का, एवढंच त्या अभ्यासात पाहायचं होतं. सुटी मिळायच्या आदल्या दिवशी मी पेशंटला संमतीपत्र वाचून दाखवायची आणि मग एक बंद पाकीट फोडायची. पाकिटात 'नेहमीप्रमाणे' असं निघालं तर त्याला वर्षभर कोणी फोन करायचा नाही. 'फोन' निघालं तर पहिला फोन पंधराव्या दिवशी, नंतर दर महिन्याला एक. वर्ष संपलं की पेशंटला बोलावून तपासायचं आणि त्याच्याकडच्या गोळ्या मोजायच्या.

मला हे काम आवडायचं. मी समाजकार्य शिकले होते, लोकांशी बोलणं मला जड जात नव्हतं. दिवसाला वीस-पंचवीस फोन सहज व्हायचे. मी भराभर प्रश्न विचारायची आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

असाच एक पेशंट पातूरच्या पुढच्या एका गावचा होता. वय साठीच्या आत. कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य गेलेलं. मी संमतीपत्र वाचत होते तेव्हा त्याचं लक्ष सलाईनच्या स्टँडकडे होतं. मधला स्क्रू ढिला झाला होता आणि दांडा सारखा खाली घसरायचा.

"पेचकस आहे का कोनाजवळ?" त्याने मला विचारलं. "दोन मिनिटाचं काम आहे."

"तुम्ही पडून राहा," मी म्हटलं.

त्याची बायको पायथ्याशी बसली होती. साक्षीदार म्हणून तिची सही घ्यायची होती. तिने पेन हातात धरून सगळं पान एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. "फोन कोन करन? तुमीच?"

"मीच करेन."

"मंग चालते," असं म्हणून तिने एकेक अक्षर जोडत सही केली.

पाकिटात 'फोन' निघालं. मला बरं वाटलं, कारण ती दोघं मला आवडली होती.

पंधराव्या दिवसाचा फोन तिनेच उचलला. ते घरी नव्हते, म्हणून मी तिलाच प्रश्न विचारले. आमच्या फॉर्मवर तशी सोय होती. 'माहिती देणारा : स्वतः की नातेवाईक' यातल्या एकावर खूण करायची. मी नातेवाईकवर खूण केली. पुढच्या महिन्यात ते वावरात गेले होते. त्याच्या पुढच्या महिन्यात झोपले होते. यात मला काही वेगळं वाटलं नाही. आमच्याकडचे पुरुष तब्येतीबद्दल बोलायला फोनवर येतच नाहीत. बाई फोन घेते आणि सगळं सांगते.

आणि ही बाई तर फार छान सांगायची. बाकीचे 'हो', 'नाही', 'बरं आहे' यावर भागवायचे. हिला मी विचारलं, की मीठ कमी केलंय का, तर ती म्हणायची, "कमी केलं तं ताटाले हात लावत नाहीत. मंग वरून चिमूटभर देते." चालायला जातात का, तर, "सकाळी मारुतीच्या पारापर्यंत जातेत. तिथं गप्पा मारत बसतेत, थेच जास्त." एकदा म्हणाली, "काल दाळभाजी केली होती, दोनदा मांगून घेतली." मी हे सगळं शेराच्या रकान्यात लिहून ठेवायची. तिथे एवढं लिहायची गरज नव्हती. पण महिनाअखेर तिचा नंबर आला की मला जरा निवांत वाटायचं, म्हणून तिचा फोन मी दुपारच्या जेवणानंतर ठेवायची.

वर्ष झालं. मी सांगितलं, "आता काकांना एकदा घेऊन या. तपासणी आहे."

"थे येनार नाहीत."

"मग मीच येते तुमच्या घरी. चालेल?"

ती मग म्हणाली, "या." आणि पातूरला कुठे उतरायचं, पुढे ऑटो कुठून मिळेल, हे तिने नीट समजावून सांगितलं.

मी गेले तेव्हा दुपारचे दोन वाजले असतील. अंगणात तुराट्या रचून ठेवल्या होत्या. तिने आत दोन खुर्च्या मांडल्या होत्या. ती वाळली होती, एवढंच मला जाणवलं. मी पाणी प्यायले, पिशवीतून बीपीचं यंत्र काढलं, पट्टा उलगडला.

"बोलवा ना मावशी काकांना."

ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिने भिंतीकडे पाहिलं. मी तिकडे पाहिलं. तिथे त्याचा फोटो होता, आणि फोटोला चंदनी हार.

पट्टा माझ्या हातातच होता. पहिला विचार मनात आला तो हा, की कालच झालं असावं. या आठवड्यात झालं असावं. पण हारावर धूळ बसली होती.

"कधी?" मी विचारलं.

ती उठली आणि फळीवरचा डबा घेऊन आली. सुटी होताना पहिल्या महिनाभराच्या गोळ्या अभ्यासातून आम्हीच देत असू आणि पाकिटं जपून ठेवायला सांगत असू. तिने ती जपली होती. मी मोजलं, कारण मोजायला मी शिकलेली होते आणि दुसरं काय करावं ते मला सुचत नव्हतं. नऊ दिवसांच्या गोळ्या काढलेल्या होत्या. दहाव्या दिवसापासून पुढच्या सगळ्या चांदीच्या कागदाखाली तशाच होत्या.

म्हणजे मी पहिला फोन केला तेव्हा त्याला जाऊन पाच दिवस झाले होते.

"मावशी, मला सांगितलं का नाही?" माझा आवाज चढला होता.

"सांगतलं नं बाई," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. "पयल्याच फोनवर सांगतलं, थे आता नाहीत म्हनून. तुमी म्हनलं, मंग तुमीच सांगा. जेवतेत का म्हनून इचारलं."

मला ते आठवेना.

"मले वाटलं, हे काहून इचारून राहिल्या? मंग वाटलं, इचारतेत तं इचारू द्या. घरात सारे रडत होते नाही तं दिवसाचं सामान आनत होते. थे जेवत होते का, झोपत होते का, हे कोनालेच ऐकाचं नव्हतं. त्यायच्या फोनवर मंग तुमचाच फोन ये. महिनाभर मी वाट पाहू."

"आणि ती दाळभाजी?"

"खोटं नाही सांगतलं मी. दाळभाजी दोनदा मांगून घेतलीच होती. थे जायच्या आधीच्या साली."

मी परत आले. एसटीत बसल्या बसल्या मी स्वतःला समजावत होते, की बाई दुःखात होती, तिने सांगितलंच नसेल, तिला आता तसं वाटत असेल. पण कामाची तपासणी व्हावी म्हणून आमचे फोन रेकॉर्ड होत असत. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऑफिसातले सगळे जेवायला गेल्यावर, मी त्या पहिल्या फोनचं रेकॉर्डिंग काढलं आणि कानाला लावलं.

माझा आवाज प्रसन्न होता. "नमस्कार, हॉस्पिटलमधून बोलतेय. काका आहेत का? त्यांना फोन देता?"

"थे आता नाहीत."

"हो का? मग तुम्हीच सांगा, चालतं. जेवण नीट करतात ना?"

मग काहीच नाही. पडद्यावर सेकंद पुढे सरकत होते. मागे बायकांचे आवाज येत होते, पुष्कळ बायकांचे, आणि कोणीतरी मोठं भांडं फरशीवरून ओढत होतं. एखाद्या घरात इतक्या बायका भर दुपारी कशाला जमतात, हे मला, वऱ्हाडात जन्मलेल्या मुलीला, कळायला हवं होतं.

"मावशी, आवाज येतोय का? जेवण नीट करतात?"

"हाव," ती म्हणाली. "करतेत."

मी ते पुन्हा लावलं. नंतरचे फोनही लावले. चौथ्या-पाचव्या फोनपर्यंत तिचा आवाज मोकळा होत गेला होता आणि मी हसत होते. मला माझ्या हसण्याची भीती वाटली. शेराच्या रकान्यात, माझ्या अक्षरात, एक मेलेला माणूस वर्षभर पारापर्यंत चालत जात होता.

ज्यांच्या हाताखाली मी काम करायची ते डॉक्टर वयस्कर होते, कमी बोलणारे. मी त्यांना सगळं सांगितलं आणि मला काढून टाका असंही म्हटलं. त्यांनी फॉर्म मागवला, पानं उलटली.

"यात पेशंट जिवंत आहे का, हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "फॉर्म मी केलाय. तुम्ही नाही."

त्यांनी फॉर्मवरच्या 'नातेवाईक' या शब्दाखाली रेघ मारली. शेवटी म्हणाले, "जिथे जिथे नातेवाइकांनी माहिती दिली, तिथे घरी जावं लागेल. सगळीकडे."

ते काम संपायला पावसाळा उजाडला. मी आणि दुसरी एक मुलगी मिळून फिरलो. प्रत्येक दारात पाऊल टाकण्याआधी माझी नजर भिंतीवर जायची. बहुतेक घरी पेशंट स्वतः बाहेर यायचा आणि मला त्याचा हात धरून बघावासा वाटायचा. काही घरी तो नव्हता. एका ठिकाणी सुनेने सहा महिने 'बरे आहेत' सांगितलं होतं, कारण सासरे मुलीकडे राहायला गेले होते, दोन्ही घरांचं बोलणं बंद होतं आणि तिला खरोखर ठाऊक नव्हतं. ते तिकडेच वारले होते.

पातूरच्या पुढच्या त्या गावी मला मृत्यूचा फॉर्म घेऊन पुन्हा जावं लागलं. त्यात सगळे प्रश्न असतात. छातीत कधी दुखायला लागलं, किती वेळ दुखलं, घाम आला का, वाहन मिळालं का. तिने सगळं क्रमाने सांगितलं. आंघोळीचं पाणी काढलं होतं. उंबऱ्यावर बसले. गाडी आली, पण पातूर यायच्या आधीच मान टाकली.

मी फॉर्म मिटला तेव्हा ती म्हणाली, "मले एक इचाराचं होतं."

वर्षभर मी तिला विचारत होते. तिने मला विचारलेला हा पहिलाच प्रश्न.

"थे जिभीखालची गोळी देल्ली होती नं सिस्टरनं? दुखलं का द्याची म्हनून? थे मी देल्ली. पान्यासंगं देल्ली, लवकर उतरावं म्हनून. बरोबर देल्ली नं?"

ती गोळी गिळायची नसते. जिभेखाली ठेवून विरघळू द्यायची असते. सुटीच्या दिवशी सिस्टरने हे सांगितलं तेव्हा मी शेजारीच उभी होते आणि ही बाई त्याची चप्पल शोधत पलंगाखाली वाकली होती, हेही मला आठवलं.

"बरोबर दिली," मी म्हणाले.

अकोल्याला येऊन मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, ती गोळी दुखणं कमी करते. एवढ्या मोठ्या झटक्यात तिने जीव वाचला असता असं काही नाही. कशीही दिली असती तरी. मला हे ऐकून हलकं वाटलं आणि हेच तिला सांगायला हवं असं वाटलं. तरी फोन करायला मला आठवडा लागला. पहिल्यांदाच फॉर्म समोर न ठेवता मी तो नंबर लावला आणि डॉक्टर काय म्हणाले ते शब्दन् शब्द सांगितलं.

ती ऐकत होती. मग म्हणाली, "म्हनजे पान्यासंगं द्याची नव्हती."

मी "हो" म्हटलं.

"मंग त्या दिवशी तुमी बरोबर म्हनलं थे?"

"तुम्हाला त्रास होऊ नये म्हणून, मावशी."

"राहू द्या," ती म्हणाली. "मीबी तं वर्षभर तुमाले सांगतच होती." आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर मी दोनदा लावला. वाजून वाजून बंद झाला. नंतर तो नंबर बंद असल्याचं सांगू लागला. गावी जायला मी धजले नाही.

त्या अभ्यासाचा लेख एका वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. फोनमुळे जेवढा फायदा झाल्याचं आम्हाला आधी वाटत होतं, तेवढा शेवटी दिसला नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं. नातेवाइकांनी दिलेल्या नोंदी घरी जाऊन पडताळल्या, असं एक वाक्य पद्धतीच्या भागात आहे. मी ते अनेकदा वाचलं आहे.

आता मी अमरावतीत आहे, दुसऱ्या एका अभ्यासात. मधुमेह आणि डोळ्यांचा. इथला फॉर्म तयार होताना मी हट्ट धरून पहिला प्रश्न घालून घेतला, पेशंट हयात आहे का. हाताखालच्या मुलींना तो विचारायला नको वाटतो. लोक चिडतात. मागच्या महिन्यात धामणगावच्या एका बाईने मला फोनवर चांगलंच सुनावलं, "सकाळी सकाळी असं अभद्र काहून बोलता?" मी माफी मागितली. तिने रागारागाने हाक मारून नवऱ्याला बोलावलं, आणि तो येईपर्यंत मी पेन हातात धरून ऐकत राहिले. दूर कुठेतरी चपलांचा आवाज आला. तो फोनवर येऊन दोनदा "हॅलो" म्हणाला, तेव्हा मी पहिल्या प्रश्नापुढे खूण केली.