हरभऱ्याच्या कडेची बाजू

साल १९५६. मी एकोणीस वर्षांचा होतो, आणि पायात आलेला बॉल दुसऱ्याला द्यायचा असतो हे मला मान्य नव्हतं. आजही सगळं मान्य नाही, ते पुढं सांगतो.

आमचं गाव जुन्नरपासून चालत तासाभरावर. चौथीत शाळा सोडली ती सोडलीच. गावात पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले एक हवालदार होते. त्यांनी पुण्याच्या कँपातून चामड्याचा फुटबॉल आणला आणि आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना खेळायला लावलं. पोरं कमी पडली म्हणून अर्धा संघ त्यांनी जुन्नरच्या पेठेतून उचलला. कोणी तांबोळ्याचा, कोणी बांगडीवाल्या मणियाराचा, आणि एक कल्हईवाल्याचा मुलगा. माझ्याच वयाचा, काडीसारखा बारीक, जिभेला धार.

भांडण पहिल्या दिवसापासून. आम्ही मोकळ्या रानात वाढलेलो. बॉल मिळाला की खाली मुंडी घालून सुटायचं, मध्ये येईल त्याला धक्का. ती पोरं गल्लीत खेळलेली. गल्लीत पळणार कुठं? दोन पावलांवर कुणाचं तरी दुकान. म्हणून यानं त्याला द्यायचा, त्यानं आणखी कुणाला, असा त्यांचा खेळ. आमच्या संघात मग एक जण पळतोय आणि चार जण हात वर करून बोंबलतायत, असं दिसायचं.

"अरे भाऊ, दे ना इकडं! बैल हाय का तू?" कल्हईवाल्याचा ओरडायचा.

"बैलच हाय. तू कोंबडी हायेस, उडून घे."

मंचरच्या संघाशी सामना ठरला. आदल्या संध्याकाळी हवालदारांनी आम्हाला समोर बसवलं. बॉल त्यांच्या मांडीवर.

"हरलात तरी चालंल," ते म्हणाले. "पण उद्या दोन टोळ्या करून खेळलात तर ह्यो बॉल माझ्या पेटीत, आन् पेटीला कुलूप. मी काय म्हातारपणी तुमची भांडणं सोडवायला आलो न्हाई."

बाकीच्यांनी माना हलवल्या. मला मात्र धडकी भरली. जुन्नरच्या पेठेत मला 'तो पळणारा' म्हणून ओळखत होते, ते या बॉलमुळं. कुलूप लागलं की मी पुन्हा नुसता बैलांमागं चालणारा. त्यात कमीपणा काही नाही, पण त्याला कोणी टाळ्या वाजवत नाही.

सामना कुकडीच्या काठी, बाजरी काढलेल्या रानात. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला लागूनच कोवळा हरभरा उगवलेला. मध्ये चुन्याची रेघ. हरभऱ्याचा मालक काठी घेऊन बांधावर बसला होता, खेळ बघायला कमी आणि पीक राखायला जास्त.

पहिल्या अर्ध्या वेळेत मंचरवाल्यांनी गोल केला. मी नदीच्या बाजूनं पळत होतो, त्यांचे तिघं गडी तिथंच वाट बघत उभे. पाडलं की उठायचो, पुन्हा पळायचो.

मधल्या सुट्टीत कल्हईवाल्याचा माझ्यापाशी येऊन बसला.

"तू त्या बाजूनं का नाय जात? सगळं रिकामं पडलंय तिकडं."

"तिकडं हरभरा हाय."

"हरभरा रेघेच्या पलीकडं हाय ना?"

"आन् पाय पडला तर?"

तो हसत सुटला. "कमाल हाय राव! तुमीबी तसेच आन् ते मंचरवालेबी तसेच. सगळे त्या हरभऱ्याला भिऊन नदीकडं दाटी करून बसलेत."

मी मान वर करून पाहिलं. खरंच होतं. मंचरची पोरंही मळ्यातलीच. उगवलेल्या पिकात पाय घालायचा नाही, हे आमच्या सगळ्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. ती बाजू ओस पडली होती.

"मी जाणार न्हाई तिकडं," मी म्हणालो. "तू जा. तुझ्या बापानं कधी पेरलंय?"

"न्हाईच पेरलं, म्हणून तर जातो. पण बॉल येणार का तिकडं, का मी नुसता हरभरा राखत बसू?"

खेळ पुन्हा सुरू झाला. मी नेहमीसारखा नदीकडून सुटलो. तिघं अंगावर आले, चौथाही आला. हा देणार नाही अशी त्यांची खात्री, आणि तोवर ती खरीच होती. मी बॉल आडवा हाणला, रानाच्या पार पलीकडं. कल्हईवाल्याचा एकटा उभा होता. चुन्याच्या रेघेवरून, हरभऱ्याच्या एका रोपाला न दुखवता तो गेला आणि गोल मारून आला. मालक काठी घेऊन उठला, पीक पाहिलं, पुन्हा बसला.

मग मंचरवाल्यांनी दोन गडी तिकडं पाठवले. ते बिचारे ओल्या वाफ्यात उतरल्यासारखे पाय उचलून उभे. इकडं नदीची बाजू मोकळी झाली, आणि मी पळालो. त्यांना वाटलं मी देणार, तेव्हा पळालो. त्यांना वाटलं पळणार, तेव्हा दिला. दुसरा गोल माझा. आम्ही जिंकलो.

कल्हईवाल्याचा पुढं कायम सांगत राहिला की पासमुळं जिंकलो. चूक. मी पळून पळून त्या चौघांना ओढलं नसतं तर त्याला मोकळी जागा मिळाली असती का? त्याचं म्हणणं, पास गेला नसता तर मी अजून नदीकाठी पडलेलोच असतो. त्याही बोलण्यात थोडं तथ्य आहे. थोडंच.

हवालदारांनी बॉल पेटीत ठेवला नाही. आम्हा दोघांच्या मध्ये धरला आणि म्हणाले, "आता तुमीच सांभाळा. कुणाकडं ठेवायचा ते भांडून ठरवा." आम्ही भांडलो, आणि त्या दिवशी बॉल माझ्या घरी आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारा काढून झाल्यावर मी बॉलवरचा चिखल पुसला, शिवणींना गोडेतेल चोळलं, फडक्यात बांधून जुन्नरला गेलो आणि भाता मारत बसलेल्या कल्हईवाल्याच्या मुलाच्या मांडीवर नेऊन ठेवला.