साखर कुणाच्या माहेरची?

लोकांचं रक्त गोळा करत हिंडलं की रक्तापेक्षा किस्सेच जास्त जमतात. रक्ताच्या नळीला झाकण तरी असतं, माणसांच्या तोंडाला कुठलं?

आमचं काम असं: एकाच घरात पिढ्यान्‌पिढ्या साखरेचा आजार का होतो, ते रक्तात शोधायचं. जोशी मॅडम डॉक्टर, मी रक्त काढणारी, रफिकभाई ड्रायव्हर. दुष्काळ चालू होता.

*

लॅब संभाजीनगरात, भाड्याच्या फ्लॅटमध्ये. कॉलनी इतकी नवी की आदल्या साली तिथं ज्वारी होती. नळाला पाणी कधीतरीच. पण आमच्या मोठ्या फ्रीझरवर शेजारच्या काकूंचा डोळा. नातवाच्या बारशाला श्रीखंडाचं पातेलंच घेऊन आल्या. मॅडमना नाही म्हणवेना.

रफिकभाई म्हणाले, "रखो ना काकू. अंदर फुलंब्रीवालों का खून है, थोडा सरका के रखो."

पातेलं आलं तसं परत गेलं.

*

त्याच कॉलनीतले एक रिटायर्ड साहेब मुलीसाठी आलेल्या स्थळाची पत्रिका घेऊन आले. "छत्तीस गुण जुळतात. रक्ताचे किती, तेवढं बघून सांगा."

मॅडमनी अर्धा तास समजावलं. साहेब म्हणाले, "म्हणजे तुमचं शास्त्र अजून कच्चं आहे."

*

रक्त उपाशीपोटी द्यायचं असतं. फुलंब्रीजवळच्या एका गावात मथुराबाईंच्या घरी आदल्या दिवशी बजावून आलो होतो. सकाळी गेलो तर म्हातारी म्हणाली, "रातच्यापासून तोंडात कायबी नाय." हातात कप होता.

"आजी, हा चहा?"

"चहा काय खायचा असतो व्हय? अन्‌ गुळाचा हाय. नातवाला साखर निघाली, तवापासून घरात साखर बंदच हाय."

*

दुसऱ्या दिवशी घर खरंच उपाशी. म्हातारीच्या दंडाला पट्टी आवळली, तेवढ्यात टँकरचा हॉर्न. मथुराबाई पट्टीसकट हंडा घेऊन पळाल्या. मी हाक मारली तर म्हणाल्या, "रगत कुठं पळून चाललंय? पाणी चाललंय!"

घरात सून उरली, कमल. तिच्या पोराला विशीतच साखर निघालेली. तेव्हापासून सासू गावभर सांगायची, "आमच्यात नव्हती. हिच्या माहेराहून आली." अन्‌ तिचं माहेर बंद करून टाकलेलं.

कमल हळूच म्हणाली, "ताई, रक्तात कळंल ना, कुणाकडनं आलं ते? बाप अंथरुणाला खिळलाय माझा. एकदा तोंड बघू द्या म्हणावं."

असं एकाकडं बोट दाखवता येत नाही, हे तिला कसं सांगू? लई वाईट वाटलं.

*

हंडे भरून मथुराबाई आल्या. रक्त दिलं. मग मॅडम घरातल्या माणसांचा तक्ता काढायला बसल्या. कोण कुणाचं, कुठून आलेलं.

"सुनेचं माहेर?"

"पाचोड. लिहा, तिथनंच आली साखर."

"आणि तुमचं?"

"पाचोडच."

"एकाच गावचं? नात्यातली आहे का सून?"

"मग! सख्ख्या भावाची पोर केलीय मी."

मॅडमचं पेन थांबलं. कमल खाली मान घालून तांदूळ निवडत होती. रफिकभाई गाडी पुसायला बाहेर गेले.

मथुराबाई बराच वेळ कोपरातला कापूस दाबत बसल्या. रक्त केव्हाच थांबलं होतं.

"कमल," शेवटी त्या म्हणाल्या, "पिशवी भर. दुपारच्या एस्टीनं पाचोडला जाऊ. दादाचंबी रगत तपासायचं राहिलंय."