साडूंचा हायवेवर बहिष्कार

विरोध करण्याच्या कामी माझ्या थोरल्या साडूंइतका लायक माणूस उभ्या नाशिक जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. सोसायटीत लिफ्ट बसवायला त्यांनी विरोध केला आणि ती बंद पडली तेव्हा बंद पडण्यालाही केला. त्यामुळे हायवेच्या तीन फुकट लेनींपैकी आतली लेन आता पैसे भरणाऱ्यांसाठी राखीव होणार, ही बातमी सरकारने खास त्यांच्यासाठीच काढली असावी, असे मला वाटले.

लेनबद्दलच्या जाहीर सुनावणीला आम्ही दोघेही गेलो. पिंपळगावचे एक द्राक्षव्यापारी म्हणाले, "पैसे घ्या, पण कारवाल्यांकडून." कारवाल्यांनी टेम्पोंकडे बोट दाखवले. एका डॉक्टरांना लेन अगदी मान्य होती, फक्त डॉक्टरांना ती फुकट हवी होती. थोडक्यात, पैसे शेजाऱ्याने भरावेत यावर जनतेचे एकमत होते. मग साडू उठले. "रस्ता आमचा, गाडी आमची, आणि पैसे तुम्हाला? उद्या श्वास घ्यायलाही वेगळी लेन काढाल!" टाळ्या पडल्या. उरलेल्या दोन लेनी फुकटच आहेत, असे अधिकाऱ्याने नम्रपणे सांगून पाहिले. "तुमचं फुकटही नको आम्हाला!" साडू गरजले. लेन सुरू झाली आणि साडूंनी हायवेवर चाक ठेवणे सोडले. चाक अर्थात माझ्या गाडीचे. स्वतःची गाडी घेण्याला त्यांचा विरोध आहे.

दर रविवारी मी त्यांना पिंपळगावपलीकडच्या त्यांच्या बागेत नेतो. बहिष्कारापासून आम्ही आतल्या गावांतून, कांद्याच्या ट्रॅक्टरांमागून, खड्डे मोजत जाऊ लागलो. या आडवाटेवर त्यांच्या थोरल्या बहिणीचे, अक्कांचे, घर लागते. अक्कांशी त्यांचे बोलणे बंद होते. अक्कांच्या मुलाच्या लग्नात मामाच्या मानाचा फेटा चुकून नवरीच्या काकांना आधी बांधला गेला, आणि साडू भरल्या मांडवातून न जेवता उठून आले. "तिनं माणूस पाठवून बोलावल्याशिवाय उंबरा चढणार नाही," ही त्यांची प्रतिज्ञा. भावाला बोलवायला माणूस कशाला, हा अक्कांचा हट्ट. भाऊबिजा अशाच कोरड्या जात होत्या.

आडवाटेच्या पहिल्याच रविवारी अक्कांच्या दारासमोर साडू ओरडले, "थांबा, इंजिन तापलंय!" गाडी नवीकोरी होती. इंजिनाला काही झालेले नव्हते. तेवढ्यात अक्का तांब्या घेऊन बाहेर आल्या. साडू बॉनेटकडे बघत म्हणाले, "गाडीला पाणी पाहिजे."

"गाडीला घाल, नायतर तू पी," अक्का म्हणाल्या. साडू प्यायले.

तेव्हापासून इंजिन दर रविवारी तिथेच तापू लागले. पाण्याचा चहा झाला, चहाची भाकरी झाली. उंबरा न चढता, ओट्यावर बसून साडू जेवत आणि अक्कांशी फक्त गाडीच्या तब्येतीबद्दल बोलत.

इकडे त्यांचा लढा चालूच होता. निवेदने झाली, मोर्चा झाला, आणि नवल म्हणजे साडू जिंकले. लेन पुन्हा फुकट झाली. चौकात त्यांना हार घातला, पेढे वाटले. त्या हाराखालचा त्यांचा चेहरा मात्र बघवत नव्हता. "म्हणजे आता हायवेनंच जावं लागणार," घरी येताना ते एवढेच म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा मला या माणसाबद्दल माया वाटली.

रविवारी फाट्यावर मी मुद्दाम गाडी हळू केली. साडूंनी घसा साफ केला. "निर्णय तोंडी आहे. लेखी येईपर्यंत बहिष्कार चालू."

मी निमूटपणे आत वळलो. इंजिन नेमाने तापले. न राहवून मी अक्कांना सांगून टाकले, की लेन फुकट झाली, साडू जिंकले. अक्कांनी हातातला तांब्या ओट्यावर ठेवला.

"पुन्हा लावाय सांगा ना सरकारला पैसे," त्या मला म्हणाल्या. "त्या पैशाच्या पायी तर हा माझ्या दारात येत हाय."

ओट्यावर बसलेल्या साडूंनी हे ऐकले. त्यांनी एकदा माझ्या गाडीच्या बॉनेटकडे बघितले. मग उठले, चपला काढल्या आणि म्हणाले, "अक्के, आज इंजिन जरा जास्तच तापलंय. वेळ लागेल." आणि उंबरा ओलांडून आत गेले.

मला कोणी आत बोलावले नाही. मी गाडीत बसून राहिलो, आणि सरकारबद्दल माझ्या मनात पहिल्यांदाच काही बरे विचार आले.