काकडीची सिद्धता

"बापानं दिलेला शब्द मुलानं मोडायचा नाही, बाई." चष्मा कपाळावर सरकवून आमचे सर असं म्हणाले, की समजायचं, आपला प्रोग्रॅम परत आला.

चाकणच्या एका कंपनीत आम्ही प्रेस मशिनचं सॉफ्टवेअर लिहायचो. सर आधी वहीत मशिनचे नियम मांडत, तेही गणिताच्या खुणांनी: उलटे ए, बाण, कंस. पहिला नियम, जाळीचं दार उघडं असताना पत्रा दाबणारा लोखंडी ठोकळा खाली येणार नाही. मग आम्ही क्लास, म्हणजे प्रोग्रॅमचे एकेक भाग, लिहायचो. मूळ प्रेसचा क्लास हा बाप, त्यातून काढलेले ती मुलं. बापाचा नियम मुलं पाळतात हे कागदावर सिद्ध झाल्याशिवाय सर सही करत नसत.

आज नातवंडं मला शहाणी समजतात. त्यांनी तेव्हाची मी पाहिलेली नाही. सरांच्या वहीला मी 'पत्रिका' म्हणायचे, आणि सर क्लासचे गुण जुळवताहेत म्हणून सगळ्यांना हसवायचे.

साचा बदलताना ठोकळा थोडा हलवावा लागतो. त्यासाठी मी 'सेटिंग'चा क्लास काढला आणि दाराची अट सरळ गाळली. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक मशिन बघायला येणार होतं.

"हळूच येतो हो सर. सगळ्या टेस्ट पास आहेत."

"मग सिद्ध करा."

दोन तास कागद काळे केले, शेवटची ओळ जमेना. तेव्हा गणितच चुकलंय, असं मी जाहीर केलं.

सर वाद घालत नसत. माझ्या डब्यातली काकडी उचलून ते मशिनपाशी गेले. दार उघडं, मोड सेटिंगवर, काकडी साच्यात. ठोकळा आला, मी म्हटलं होतं तसा अगदी हळूच, आणि कोशिंबीर करून हळूच वर गेला.

ऑपरेटर जवळच्याच गावचा. तो आपल्या उजव्या हाताकडे बघत म्हणाला, "मॅडम, साचा बसवताना तितं माजा हात आसतो."



गिऱ्हाइकाची भेट सरांनी पुढे ढकलली. मोठ्या साहेबांची बोलणी खाल्ली, माझं नाव मात्र घेतलं नाही. मी क्लास नव्यानं लिहिला: सेटिंगमध्येही दार बंद, दोन्ही हात बाहेरच्या दोन बटणांवर, तरच ठोकळा हलेल. या वेळी शेवटची ओळ आपसूक जमली.

गेल्या वर्षी सर गेले. वाकडला त्यांच्या घरी भेटायला गेले, तर तो ऑपरेटरही आलेला, पार म्हातारा झालेला. फोटोसमोर त्यानं हात जोडले. मी शेजारी उभी राहून तिरक्या नजरेनं त्याची बोटं मोजली.

दहाच्या दहा.